पेट्या कुठून येतात ते बघ

बेटा, परवा पांदणीत स्कूटी थांबवून तू विचारलंस, "काकाजी, दोन लहान देशांचं भांडण लागलं, अन् एकाच्या मागं अमेरिका, दुसऱ्याच्या मागं रशिया नाहीतर चीन उभा राहिला, तर त्याचं जागतिक युद्ध होते का? मुलाखतीत विचारलं तर काय सांगू?" माझ्या पाठीवर फवारणीचा पंप होता, औषध कालवून झालं होतं, म्हणून सवडीनं सांगतो म्हणालो. आता लेखी देतोय, कारण तोंडी सांगायला बसलो की तुझी काकू म्हणते, झालं यांचं कारगिल सुरू.

होऊ शकते. झालेलंही आहे. पण बहुतेक वेळा होत नाही. ते का होत नाही हे एकदा समजलं, की कधी होईल तेही ओळखता येते.

मी सैन्यात सव्वीस वर्षं काढली ती ऑर्डनन्स कोअरमध्ये, दारूगोळ्याच्या कामावर. शेवटची काही वर्षं इथं जवळच, पुलगावच्या डेपोत. परराष्ट्र धोरण मी ठरवलं नाही, बंदूकही बेतानंच चालवली. मी पेट्या मोजल्या. त्यामुळं हे उत्तर कोठीवाल्याचं आहे असं समज. लग्नात किती पानं उठली हे वधूपित्याला विचारू नये. कोठीच्या दाराशी किल्ल्या घेऊन बसलेल्याला विचारावं. डाळ किती चढली त्यावरून तो बरोबर सांगतो. युद्धाचं तसंच आहे. कोण काय बोललं ते टीव्हीवाले सांगतील. माल किती गेला, कुठून गेला आणि मालासोबत कोण गेलं, ते कोठीतून दिसते.

वरच्या शिवारातलं धुऱ्याचं भांडण तुला आठवत असेल, तू तेव्हा सातवी-आठवीत होतीस. दोघे चुलतभाऊ, आणि भांडण दोन तासांचं. घड्याळातले तास नव्हे, नांगराचे. एकाच्या मागं एक पुढारी, दुसऱ्याच्या मागं दुसरा. पुढाऱ्यांना त्या दोन तासांत काडीचा रस नव्हता, त्यांचं वैर बाजार समितीच्या खुर्चीवरून. सात वर्षं ते भांडण चाललं, कारण दोन्हीकडून वकिलाची फी येत राहिली. पण सात वर्षांत ते धुऱ्याबाहेर गेलं नाही. मग एक दिवस एका पुढाऱ्याचा पुतण्या स्वतः जेसीबीवर बसून धुऱ्यावर आला आणि त्याच्या डोक्यात दगड बसला. त्या रात्री चाळीस माणसं काठ्या घेऊन चावडीपुढं उभी होती. भांडण तेवढंच, दोन तासांचं. फक्त रक्त निघालं ते पुढाऱ्याच्या घरचं होतं.

तू मुलाखतीत हे उदाहरण देऊ नकोस, हसतील. पण डोक्यात हेच ठेव. मोठ्या देशानं पाठवलेला माल युद्ध लांबवतो. मोठ्या देशाचा माणूस तिथं मेला, की युद्ध रुंद होते. म्हणून मोठे देश माल बेधडक पाठवतात आणि माणूस पाठवताना शंभरदा विचार करतात. पाठवलाच तर झाकून पाठवतात.

हे झाकणं फार महत्त्वाचं असते. कोरियाचंच घे. 25 जून 1950 ला उत्तर कोरियानं दक्षिणेवर चढाई केली, अमेरिका संयुक्त राष्ट्रांचा झेंडा घेऊन दक्षिणेच्या बाजूनं उतरली. अमेरिकी फौजा 38 अक्षांशाची रेषा ओलांडून वर निघाल्या तर आम्ही गप्प बसणार नाही, हे चीननं आधीच कळवलं होतं, आणि कळवलं ते आपल्यामार्फत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी तिथले आपले राजदूत के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून घेतलं आणि तसं सांगितलं. वॉशिंग्टनमध्ये ते कोणी मनावर घेतलं नाही. पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत अशी तिकडची समजूत होती. निरोप्यावर विश्वास नसला की निरोप वाया जातो, हे गावातही दिसते. त्याच महिन्यात चिनी सैन्य सीमेवरची यालू नदी ओलांडून कोरियात उतरलं.

आता झाकणं कसं ते बघ. चीननं त्या सैन्याला आपलं सैन्य म्हटलंच नाही. म्हणाले, हे स्वयंसेवक आहेत. लाखो स्वयंसेवक, तोफांसकट! आणि वर आकाशात मिग-15 विमानं उडत होती, त्यातली कितीतरी रशियन वैमानिक चालवत होते. विमानांवर चिनी-कोरियन खुणा. रेडिओवर रशियन बोलायचं नाही असा हुकूम. आघाडीच्या पलीकडं जायचं नाही, समुद्रावर जायचं नाही, म्हणजे पडलास तर शत्रूच्या हाती लागायचा नाहीस. लढाईच्या गडबडीत माणूस मातृभाषेतच ओरडतो, त्यामुळं अमेरिकनांनी ते रशियन शब्द ऐकले होते. त्यांना कळलं होतं, आणि ते गप्प राहिले. बोलले असते तर त्यांच्याच लोकांनी विचारलं असतं, मग मॉस्कोवर बॉम्ब का टाकत नाही? दोन अण्वस्त्रधारी देशांचे वैमानिक एकमेकांना पाडत होते आणि दोन्ही सरकारं म्हणत होती, आमचं काही चाललेलं नाही. या खोटेपणानं किती जीव वाचले असतील सांगता येत नाही.

तिथल्या अमेरिकी फौजांचा सेनापती मॅकआर्थर, त्याला हा खेळ मान्य नव्हता. त्याला चीनमध्ये घुसायचं होतं, आणि ते तो उघड बोलू लागला. अमेरिकेचा अध्यक्ष ट्रूमननं 11 एप्रिल 1951 ला त्याला घरी पाठवलं. तेव्हा ट्रूमनला लोकांनी शिव्या घातल्या. माझ्या मते त्या शतकातला तो फार मोलाचा सही-शिक्का होता. 27 जुलै 1953 ला युद्धविराम झाला. युद्धकैद्यांच्या परतपाठवणीच्या आयोगाचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या आणि तिथं गेलेल्या भारतीय रक्षक दलाचे प्रमुख आपले मराठी एस. पी. पी. थोरात. मुलाखतीत हे सांग, फार जणांना माहीत नसते.

तसंच 1970 साली सुएझवर झालं. इजिप्तच्या बाजूनं सोव्हिएत वैमानिक आणि क्षेपणास्त्रांच्या तुकड्या उतरल्या. 30 जुलैला इस्रायलनं पाच मिग पाडले, पाचही सोव्हिएत वैमानिकांचे. आठवडाभरात युद्धबंदी झाली. त्या घटनेचा गाजावाजा दोघांपैकी कोणीही केला नाही.

मला आजची काळजी वाटते ती इथं. आता झाकता येत नाही. उपग्रहाचे फोटो खासगी कंपन्या विकतात, मेलेल्या शिपायाच्या खिशातला मोबाईल दुसऱ्या तासाला टेलिग्रामवर असतो. 2024 च्या शरदात उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या कुर्स्क भागात लढायला आले ते जगाला आधी कळलं. रशिया आणि उत्तर कोरिया यांनी ते कबूल केलं एप्रिल 2025 मध्ये. कोरियन युद्धात जे चाळीस वर्षं दबक्या आवाजात राहिलं, ते आता सहा महिनेही राहत नाही. माहिती लपत नाही ही चांगली गोष्ट, असं सगळे म्हणतात. पण मागं फिरायची वाट पडद्याआडूनच जाते, आणि पडदाच राहिला नाही तर प्रत्येक पावलाला जाहीर उत्तर द्यावं लागते. हे माझं मत आहे, पाठ्यपुस्तकातलं नाही. परीक्षक सहमत होईलच असं नाही.

आता 1914. मुलाखतीत ते येणारच. 28 जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. 4 ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं. मध्ये गेले सदतीस दिवस. ऑस्ट्रिया आणि सर्बिया यांचं भांडण म्हणजे आपल्या धुऱ्यासारखंच, पण 5 जुलैला जर्मनीनं ऑस्ट्रियाला सांगितलं, काहीही कर, आम्ही मागं आहोत. पाठीराख्यानं 'काहीही कर' म्हणणं ही पहिली चूक. पुढाऱ्यानं चेकवर रक्कम न टाकता सही करून दिल्यासारखं. रशिया सर्बियाच्या मागं, फ्रान्स रशियाच्या मागं. सगळे इतकं सांगून थांबतात.

पण मला त्यातला रेल्वेचा भाग कळतो, कारण तो मी हातानं केला आहे. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला आणि आपलं सैन्य सीमेकडं निघालं, ऑपरेशन पराक्रम. त्या थंडीत सायडिंगवर आम्ही रात्रंदिवस वॅगन भरल्या. डेपोत दिवसाही सावकाश चालायची सवय. फाटकावर आगपेटी, बिडी, तंबाखूची डबीसुद्धा काढून ठेवायची. शेडच्या चहूबाजूला मातीचे बांध, म्हणजे एक शेड उडाली तरी दुसरी वाचावी. पेटी आपटायची नाही, ओढायची नाही, दोघांनी दोन्हीकडून दोरीचे कान धरून उचलायची. असं काम घाईत करायचं म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहायचं. प्रत्येक पेटीवर लॉट नंबर, प्रत्येक थप्पीला कार्ड. जितकं गेलं तितकं कार्डावर वजा. एकदा यादी सुरू झाली की मधे कोणी यायचं नाही. एका रात्री मुख्यालयातून निरोप आला, अमुक वॅगनी अमुक ठिकाणी नको, दुसरीकडं वळवा. आमच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "सर, अशक्य आहे." फोन ठेवला आणि आमच्याकडं वळून म्हणाले, "चला, सकाळपर्यंत करून टाकू." सैन्यात 'अशक्य' याचा अर्थ बहुधा 'फार त्रास होईल' एवढाच असतो.

1 ऑगस्ट 1914 ला हेच घडलं, फक्त उलट शेवटानं. बर्लिनमध्ये कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, वाटलं, ब्रिटन कदाचित बाहेर राहील, फ्रान्सशी लढायची गरज नाही. त्यानं सेनापती मोल्टकेला सांगितलं, सगळं सैन्य पूर्वेला, रशियाकडं वळव. मोल्टके म्हणाला, अशक्य. हजारो गाड्यांचं वेळापत्रक वर्षभर बसून केलंय, ते रातोरात बदलत नाही. पुढं जर्मन रेल्वेच्याच एका जनरलनं आकडेमोड करून दाखवलं की वळवता आलं असतं. पण त्या संध्याकाळी कैसरच्या बाजूला 'चला, सकाळपर्यंत करून टाकू' म्हणणारा कोणी नव्हता. त्या युद्धात दहा लाखांवर हिंदी सैनिक परदेशी गेले, चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परत आले नाहीत. साराजेव्हो कुठं आहे हे त्यातल्या कितीजणांना माहीत असेल!

पराक्रमचा शेवटही सांगतो, कारण लोक फक्त निघालेल्या गाड्यांची गोष्ट करतात, परत आलेल्यांची करत नाहीत. आपल्या मोठ्या फौजा सीमेवर पोचायला तीनेक आठवडे लागले. तेवढ्यात 12 जानेवारीला मुशर्रफ टीव्हीवर भाषण करून गेले, अमेरिकेचे लोक दिल्ली-इस्लामाबादच्या चकरा मारू लागले. अमेरिकेला घाई होती, कारण अफगाणिस्तानच्या मोहिमेसाठी तिची माणसं आणि विमानं पाकिस्तानच्याच तळांवर होती. इथं बघ गंमत: मोठ्या देशाचा माणूस तिथं असल्यामुळं युद्ध रुंद होण्याऐवजी थांबलं. म्हणून माझा नियम लोखंडी नाही. माणूस कोणाच्या बाजूनं आणि कशासाठी तिथं आहे हेही बघावं लागते. दहा महिने सैन्य उभं राहिलं, ऑक्टोबर 2002 मध्ये परतीचा हुकूम निघाला आणि राजस्थानच्या उन्हाळ्यात तापलेला माल डेपोंत परत येऊ लागला. परत आलेली पेटी तशीच थप्पीला लावता येत नाही. उघडायची, गंज, ओल, सील बघायचं, लॉटमधून नमुना काढून तपासणीला पाठवायचा. भरायला जितके दिवस लागले त्याच्या कितीतरी पट परत घ्यायला लागले. थांबलेल्या युद्धाचा हा खर्च कोणी लिहीत नाही.

आता 1973. हे उदाहरण मुलाखतीत पहिलं दे, 1914 च्याही आधी, कारण यात माल, माणूस आणि घड्याळ तिन्ही आहेत. 6 ऑक्टोबरला इजिप्त आणि सीरियानं इस्रायलवर हल्ला केला. दोन्ही बाजूंचा दारूगोळा अंदाजाच्या बाहेर उडाला. हे प्रत्येक युद्धात होते. शांततेत ठरवलेला रोजचा खप पहिल्या चार दिवसांत खोटा पडतो. सोव्हिएत विमानं माल घेऊन कैरो-दमास्कसला उतरू लागली, 14 तारखेपासून अमेरिकेची इस्रायलला. युरोपातल्या बहुतेक देशांनी अमेरिकेच्या विमानांना उतरू दिलं नाही, म्हणून ती पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून गेली. महिनाभरात बावीस हजार टनांहून जास्त माल. इथपर्यंत वकिलाची फीच होती.

22 ऑक्टोबरला सुरक्षा परिषदेचा युद्धबंदीचा ठराव झाला, पण लढाई थांबली नाही आणि इस्रायलनं इजिप्तच्या तिसऱ्या आर्मीला सुएझपाशी वेढलं. वेढलेल्या सैन्याचं पाणी आणि अन्न मोजून उरलेलं असते. सोव्हिएतचा अशील उघड्यावर हरणार होता, आणि तोही ठरावावर मॉस्कोची सही असताना. 24 च्या रात्री सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हचं अमेरिकेला पत्र आलं: दोघं मिळून सैन्य पाठवू, तुम्ही येत नसाल तर आम्ही एकटे पाठवण्याचा विचार करू. म्हणजे आता पुतण्या जेसीबीवर बसत होता. अमेरिकेनं त्याच रात्री जगभरच्या सैन्याची सज्जता वाढवली, अण्वस्त्रांच्या दलांसकट. अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन तेव्हा वॉटरगेटच्या भानगडीत बुडालेला होता, बैठकीतही नव्हता. दुसऱ्या दिवशी इजिप्तनंच मागणी बदलली: दोन्ही बड्यांची फौज नको, संयुक्त राष्ट्रांची पाठवा. इस्रायलला अमेरिकेनं दम भरला, वेढ्यातल्या सैनिकांना पाणी जाऊ द्या. आग विझली.

कोणी विझवली? लहानानं मागणी खाली घेतली, आणि मोठ्यानं आपल्याच अशिलाचा हात धरला. 1914 मध्ये या दोन्हीतलं काहीच झालं नव्हतं. मोठ्या देशाकडं आपल्या अशिलाला 'आता पुरे' म्हणण्याची ताकद आहे का, आणि ती तो वापरतो का, हे बघायला शिक. ज्याची फी बंद झाली की खटला पडतो त्याचं ऐकावंच लागते. दोन पुढाऱ्यांकडून फी घेणारा अशील मात्र कोणाचंच ऐकत नाही, आणि खरा धोका तो.

आपलं 1971 याच्या उलट्या बाजूनं शिकवते. ऑगस्टमध्ये सोव्हिएतशी करार झाला, माणेकशांनी हिवाळ्यापर्यंत थांबायचं ठरवलं म्हणजे हिमालयाच्या खिंडी बर्फानं बंद, चीनला उतरणं अवघड. 3 डिसेंबरला युद्ध पेटलं. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव सोव्हिएतनं व्हेटोनं अडवले. निक्सन आणि त्याचा सल्लागार किसिंजर चीनला सांगत होते, सीमेवर काहीतरी हालचाल करा. चीन हलला नाही. अमेरिकेच्या सातव्या आरमाराचं एक पथक, एंटरप्राइज या विमानवाहू जहाजासकट, बंगालच्या उपसागराकडं निघालं. ते आत पोचलं आणि दुसऱ्या दिवशी, 16 डिसेंबरला, ढाका पडलं. तेरा दिवस. पाठीराख्यांना उतरायला वेळच उरला नाही. 1914 मध्ये घाईनं घात केला, 1971 मध्ये घाईनं वाचवलं. फरक इतकाच की एका ठिकाणी घड्याळ मोठ्यांच्या रेल्वेचं होतं, दुसऱ्या ठिकाणी आपल्या हातातलं.

कारगिलमध्ये आपण उलट केलं. विमानांनाही ताबारेषा ओलांडायची बंदी होती. आमच्याकडून तोफांचा माल गाड्या भरभरून जात होता, त्या उन्हाळ्यात अडीच लाखांच्या आसपास गोळे आणि रॉकेटं उडाली. आपल्याच हद्दीत लढून चढावर माणसं गमावणं सैनिकाला पटत नव्हतं, मलाही तेव्हा पटलं नव्हतं. पण त्यामुळंच 4 जुलैला क्लिंटननं नवाझ शरीफला सांगितलं, माघार घ्या, आणि जगात कोणी पाकिस्तानच्या बाजूनं उभं राहिलं नाही, चीनसुद्धा.

तुझ्या प्रश्नाला आपल्या मातीतलं एक उदाहरण आहे, ते आपल्याच लोकांना माहीत नसते. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध लागलं. तेव्हाची बडी सत्ता ब्रिटन, आणि तिच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. दक्षिणेचा हिशेब साधा होता: कापूस बंद झाला की ब्रिटन आमच्या बाजूनं उतरेल. नोव्हेंबरमध्ये उत्तरेच्या एका युद्धनौकेनं ब्रिटिश टपालजहाज अडवून दक्षिणेचे दोन दूत पकडले. लंडन पेटलं, दहा हजारांवर फौज कॅनडाकडं निघाली. आता हा कोठीवाल्याचा भाग बघ. उत्तरेला बंदुकीची दारू करायला शोरा लागत होता, आणि जगातला चांगला शोरा यायचा आपल्या बिहार-बंगालातून, लंडनमार्गे. उत्तरेचा माणूस लंडनमध्ये नेमका त्याच वेळी शेकडो टन शोरा विकत घेत होता. ब्रिटननं निर्यात थांबवली. डिसेंबर संपता संपता लिंकननं दूत सोडायचं ठरवलं, मग शोरा निघाला. युद्ध पेटायच्या आत कोठीचं कुलूप लावलं आणि काम झालं.

आणि कापूस? तो इथून गेला. वऱ्हाड, हिंगणघाट, खामगाव. इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. ब्रिटनच्या गिरण्या उपाशी राहिल्या, पण मेल्या नाहीत. दक्षिणेचा डाव फसला त्याला इतरही कारणं होती, पण एक कारण आपल्या पऱ्हाटीत होतं. 1865 मध्ये तिकडं युद्ध संपलं आणि इकडं भाव कोसळला, मुंबईच्या बँका बसल्या, कर्ज काढून पेरलेला शेतकरी सावकाराच्या दारी. नागपूरपर्यंत रेल्वे आली 1867 मध्ये, तेजी निघून गेल्यावर.

आजचं थोडक्यात, कारण आजचं लिहिलेलं उद्या शिळं होते. युक्रेनमध्ये 2022 पासून बघ: पाश्चिमात्यांनी माल चमच्या-चमच्यानं वाढवला. आधी खांद्यावरची क्षेपणास्त्रं, मग लांब पल्ल्याच्या तोफा, मग रणगाडे, मग विमानं, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये रशियाच्या हद्दीत खोलवर मारायची परवानगी. प्रत्येक पायरीनंतर थांबून रशियाचा चेहरा बघितला. लढणाऱ्याला हा उशीर जीवघेणा वाटतो आणि ते खरंही आहे. पण पायरी चढून थांबणं हीच तिथली सावधगिरी. दुसरी गोष्ट, कोठ्या रिकाम्या निघाल्या. अमेरिका 155 मिलिमीटरचे गोळे महिन्याला चौदा हजारांच्या आसपास बनवत होती. इतके काही वेळा आघाडीवर दोन-तीन दिवसांत उडायचे. युरोपनं मार्च 2024 पर्यंत दहा लाख गोळे द्यायचा शब्द दिला, जेमतेम अर्धे दिले. रशियाही उत्तर कोरियाकडून गोळे घेऊ लागला. रिकामी कोठी युद्ध थांबवते असं वाटेल. पण ज्याच्याकडं साधे गोळे संपतात त्याचं लक्ष मोठ्या हत्याराकडं जाते. तो धोका मला भाषणांतल्या धमक्यांपेक्षा खरा वाटतो.

जून 2025 मध्ये इस्रायल-इराण भडकलं, 22 तारखेला अमेरिकेनं स्वतः इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. म्हणजे पुतण्या धुऱ्यावर आला. सगळ्यांना वाटलं आता संपलं. दुसऱ्या दिवशी इराणनं कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, पण आधी कळवून. तळ जवळजवळ रिकामा होता, कोणी मेलं नाही. 24 ला युद्धबंदी. दगड मारला, पण डोक्यात लागणार नाही असा. हे जमायला दोघांनाही अक्कल लागते आणि थोडं नशीब. दर वेळी जमेल याची हमी कोणी देऊ नये. मे 2025 मध्ये आपलं पाकिस्तानशी झालं तेव्हा त्यांची विमानं चिनी, ड्रोन तुर्की; माल होता, तुकड्या नव्हत्या, आणि 10 तारखेला दोन्हीकडच्या डीजीएमओंचा, म्हणजे लष्करी कारवाया बघणाऱ्या अधिकाऱ्यांचा, फोन झाला. तो फोन चालू राहणं हे कितीतरी तोफांइतकं मोलाचं.

म्हणून कोणी विचारलं की पुढचं युद्ध पसरेल का, तर बातमीत मी तीन-चार गोष्टी शोधतो. पाठीराख्याचे तंत्रज्ञ किंवा सैनिक तिथं आहेत का, आणि ते कबूल केलंय का. रक्ताचा साठा आणि फिरती रुग्णालयं पुढं सरकली का. तोफा दाखवायला नेतात, रक्ताच्या पिशव्या दाखवायला कोणी नेत नाही. वकिलातीतली बायका-मुलं परत बोलावली का. जहाजांचा विमा वाढला का. नेत्यांची भाषणं मी जेवताना ऐकतो, आवाज कमी करून.

तुझ्या बाबांचाही एक प्रश्न राहिला होता: तिकडं आखातात काही झालं तर डीएपी आणि युरिया मिळेल का, आधीच भरून ठेवू का. पोटॅश आपण जवळजवळ सगळं बाहेरून आणतो, डीएपी आणि त्याचा कच्चा मालही बराच. युरिया इथं बनतो, पण ज्या गॅसवर बनतो त्यातला मोठा वाटा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. 1973 च्या तेलबंदीनंतर खताचे काय हाल झाले ते माझ्या वडिलांनी सोसलंय. एका पोत्यासाठी सोसायटीपुढं दोन दिवस बसले होते. तेव्हा एका हंगामापुरतं घेऊन ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त नको, पैसा अडकतो. ठेवताना खाली लाकडी फळ्या टाका, जमिनीवर ठेवू नका. थप्पी भिंतीपासून हातभर दूर, वर पत्र्यापर्यंत नेऊ नका, आणि आधी आलेलं पोतं आधी निघेल असं लावा. बाबांना म्हणावं, पोत्यावर तारीख खडूनं लिहा. मी रविवारी येऊन बघतो.